वरून पैसे आले की

सौदी अरेबियातल्या बांधकामांवर मी नऊ वर्षं बिलिंग इंजिनिअर होतो. काम तसं सरळ. महिनाभरात किती घनमीटर काँक्रीट पडलं, किती टन सळई बांधली, किती चौरस मीटर गिलावा झाला हे मोजायचं, कन्सल्टंटची सही घ्यायची आणि बिल वर पाठवायचं. वर म्हणजे मुख्य ठेकेदाराकडे. तो त्याचं बिल आणखी वर पाठवणार, तिथून ते सरकारी खात्यात जाणार. आमच्या करारात एक कलम होतं आणि तिकडच्या उपठेक्यांमध्ये ते सर्रास असतं: मुख्य ठेकेदाराला मालकाकडून पैसे मिळाल्यावरच आम्हाला मिळतील. साइटवर कलमाचा क्रमांक कुणाला ठाऊक नसे. कॅशियरपासून फोरमनपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असायचं, "वरून पैसे आले की देतो."

२०१६ च्या उन्हाळ्यात हे वाक्य मी रोज ऐकलं. त्या जानेवारीत कच्च्या तेलाचा भाव पिंपाला ३० डॉलरच्या खाली गेला होता. दोन वर्षांपूर्वी तो १०० च्या वर होता. सरकारने ठेकेदारांची देणी थांबवली आणि आमची पाच महिन्यांची बिलं अडकली. कॅम्पच्या मेसमध्ये आधी मटण बंद झालं, मग चिकन आठवड्यातून एकदा आलं, मग डाळ पातळ होत गेली. आमचे सळई बांधणारे बहुतेक बिहार आणि तेलंगणाचे. ते पंचेचाळीस अंशांच्या उन्हात काम करून यायचे आणि संध्याकाळी माझ्या पोर्टाकेबिनच्या दारात उभे राहायचे. मी त्यांना मेजरमेंट शीट दाखवायचो. त्यांनी केलेलं काम त्यात टनावारी लिहिलेलं होतं, सह्या झालेल्या होत्या, फक्त पैसे नव्हते. त्याच उन्हाळ्यात जेद्दाजवळच्या कॅम्पांमध्ये हजारो भारतीय कामगार पगाराविना आणि काही ठिकाणी जेवणाविना अडकले. तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी वकिलातीमार्फत त्यांना धान्य पोचवायला लावलं आणि राज्यमंत्री व्ही. के. सिंह यांना तिकडे धाडलं.

आणि हेच ते वर्ष, जेव्हा २५ एप्रिलला तेव्हाचे उपयुवराज आणि आताचे युवराज मोहम्मद बिन सलमान यांनी 'व्हिजन २०३०' जाहीर केलं. देशाची तेलावरची भिस्त संपवायची, हा त्याचा गाभा. २०२० पर्यंत तेलाविना राहता येईल, असा विश्वासही त्यांनी तेव्हा बोलून दाखवला होता.

ही गरज खरी आहे. २०२२ च्या जनगणनेत सौदी नागरिकांपैकी ६३ टक्के लोक तिशीच्या आतले निघाले. एवढ्या तरुणांना सरकारी कचेऱ्यांमध्ये खुर्च्या पुरवणं कुठल्याही खजिन्याला झेपणार नाही. तेल आज ना उद्या कमी खपणार, हेही तिथल्या राज्यकर्त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. माझा आक्षेप त्यावर योजलेल्या औषधाला आहे, म्हणजे महाप्रकल्पांना. अब्जावधी डॉलरची शहरं, बेटं, मनोरे उभारून तेलाला पर्याय तयार होतो, हे मला पटत नाही. मी ज्या साखळीच्या तळाशी बसून बिलं पाठवत होतो, तीच साखळी या प्रकल्पांनी आणखी लांब होते. तिचं वरचं टोक तेलाच्या विहिरीतच राहतं.

हे जरा उलगडून सांगतो, कारण आकडे इथे फसवतात. सौदीच्या सकल उत्पादनात तेलेतर क्षेत्राचा वाटा निम्म्याच्या वर गेला, असं २०२३ पासून अभिमानाने सांगितलं जातं. आकडा खोटा नाही. पण बांधकाम हे तेलेतर क्षेत्र आहे. मी मोजलेलं प्रत्येक घनमीटर काँक्रीट त्या तेलेतर आकड्यात जमा झालं. सिमेंटची गाडी, क्रेनचं भाडं, मेसचं कंत्राट, आमचे पगार, सगळं तेलेतर. आणि २०१६ मध्ये तेल पडल्यावर हेच तेलेतर क्षेत्र सगळ्यात आधी आडवं झालं. म्हणून पैसा कुठे खर्च झाला यापेक्षा तो आला कुठून, हे आधी विचारायला हवं. सरकारच्या महसुलात तेलाचा हिस्सा २०२४ मध्येही साठ टक्क्यांच्या आसपास होता. मोठे प्रकल्प ज्या सार्वजनिक गुंतवणूक निधीतून चालतात, त्याच्याकडे आणि त्याच्या उपकंपन्यांकडे सरकारी तेल कंपनी अरामकोचे १६ टक्के समभाग दिलेले आहेत. म्हणजे तेलाला पर्याय शोधणारा निधीसुद्धा तेल कंपनीच्या लाभांशाकडे डोळे लावून असतो. २०२४ मध्ये अरामकोने सुमारे १२४ अब्ज डॉलर लाभांश वाटला, २०२५ साठी तो ८५ अब्जांवर आणला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबाने सौदी अंदाजपत्रकाची तोंडमिळवणी व्हायला तेल पिंपाला ९० डॉलरच्या वर लागतं. पर्याय उभा करण्याचा खर्चच असा आहे की त्यासाठी तेल महाग हवं.

याचा आणखी एक परिणाम होतो, तो मी जवळून पाहिला आहे. जिथे सरकारच सगळ्यात मोठं गिऱ्हाईक असतं, तिथे हुशार माणूस कारखाना काढत नाही, ठेकेदार होतो. का काढावा कारखाना? परदेशी बाजारात चीन-कोरियाशी झुंजायचं, नाही तर सरकारी प्रकल्पाला खडी, पाइप, माणसं पुरवायची. दुसऱ्यात नफा जास्त, डोकेदुखी कमी. प्रकल्प जितका मोठा, तितकी ही ओढ मोठी. त्यातून उभे राहतात ते पुरवठादार, आणि प्रकल्प थांबला की तेही थांबतात.

सौदीने हा धडा याआधी गिरवला आहे. १९७० च्या पहिल्या पंचवार्षिक योजनेतही तेलाबाहेरची उत्पन्नाची साधनं वाढवण्याचं उद्दिष्ट होतंच. मग वाळवंटात गहू पिकवायचं ठरलं. सरकार जागतिक भावाच्या कितीतरी पट दराने गहू विकत घेऊ लागलं, त्यामुळे जमीनदारांनी आणि कंपन्यांनी खोल विहिरी खणल्या, वर्तुळाकार फिरणारे फवारे बसवले. विमानातून पाहिलं की तांबड्या वाळूत हिरव्या गोल चकत्या दिसायच्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो देश जगातल्या मोठ्या गहू निर्यातदारांमध्ये गणला जात होता. वर्षाला चाळीस लाख टनांपर्यंत पीक गेलं. ते पाणी मात्र हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाचं, जमिनीच्या पोटात साठलेलं होतं. ते पुन्हा भरून येणार नव्हतं. २००८ मध्ये सरकारने हात आखडता घ्यायचं ठरवलं आणि २०१६ पर्यंत गव्हाची सरकारी खरेदी बंद केली. तेलाच्या पैशाने पाणी उपसलं आणि दोन्ही गोष्टी एकदाच खर्च करता येणाऱ्या होत्या. मला हा सगळा प्रकार फार बोचतो, कारण त्यात कष्ट खरे होते, तंत्र उत्तम होतं, पीकही खरं होतं. हिशेब तेवढा चुकीचा होता.

जुबेलची गोष्ट वेगळी आहे आणि ती सांगितली नाही तर अन्याय होईल. माझे थोरले काका १९७८ मध्ये चिपळूणहून वेल्डर म्हणून जुबेलला गेले. ते सांगायचे, आम्ही गेलो तेव्हा तिथे मासेमारांची वस्ती आणि पुढे नुसती वाळू. जुबेल आणि यान्बू ही दोन औद्योगिक शहरं वसवायला १९७५ मध्ये शाही आयोग नेमला गेला. पुढच्या वर्षी 'साबिक' ही कंपनी निघाली. विहिरींवर जो वायू जाळून टाकला जात होता, तो गोळा करून त्यातून रसायनं, खतं, प्लास्टिकचा कच्चा माल बनवायचा, अशी ती कल्पना होती. महाप्रकल्पच होता तो, पण कारण साधं होतं: फुकट जाणारा माल हाताशी होता आणि त्यातून बनणाऱ्या वस्तूला जगभर गिऱ्हाईक होतं. काकांनी जोडलेल्या पाइपातून आजही माल वाहतो. तरीही जुबेल हे तेला-वायूचंच पुढचं दुकान. त्याने कमाई वाढवली, अवलंबित्वाची जात तीच राहिली.

जेद्दाच्या उत्तरेला तांबड्या समुद्रावर २००५ मध्ये किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटी जाहीर झाली. वीस लाख लोकवस्तीचं शहर होणार होतं. तिथलं बंदर उत्तम चालतं. जागतिक बँकेच्या २०२१ च्या क्रमवारीत कंटेनर बंदरांमध्ये ते कार्यक्षमतेत पहिलं आलं. तिथे रेल्वे स्थानक आहे, रुंद रस्ते आहेत, दिवे आहेत. माणसं मात्र ठरल्याच्या तुलनेत नगण्य आली. त्या रस्त्यांवरून मी संध्याकाळी गाडी नेली आहे. सिग्नल लाल-हिरवा होत असतो आणि चौकात दुसरं वाहन नसतं. बंदर चाललं, कारण त्या समुद्रातून जहाजं आधीपासून जात होती. शहर चाललं नाही, कारण तिथे राहायला यावं असं कारण कुणाकडे नव्हतं.

मग दुबईचं काय, असं लगेच विचारलं जातं. दुबईकडे बघून सगळे मनोऱ्यांची नक्कल करतात आणि मनोऱ्यांच्या आधीचं काही बघत नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या शेखांनी जकात माफ केली, तेव्हा इराणच्या किनाऱ्यावरच्या लिंगेहचे व्यापारी उठून दुबईत आले. आपल्याकडे पेठ अशीच वसवायचे: शेटे-महाजनांना कौल द्यायचा, काही वर्षं कर माफ करायचा आणि दुकान त्यांच्या पैशाने उभं राहू द्यायचं. दुबईत व्यापारी आले, त्यांची गलबतं गाळात रुतू लागली, म्हणून खाडी उपसायची गरज पडली आणि त्यासाठी १९५० च्या दशकाच्या शेवटी कुवेतकडून कर्ज काढलं. तेव्हा दुबईत तेल सापडलेलंही नव्हतं. जबल अली बंदर १९७९ चं, मुक्त क्षेत्र आणि एमिरेट्स विमानसेवा १९८५ ची. आधी गिऱ्हाईक, मग सोय, मग दिखावा, या क्रमाने ते गाव वाढलं. जिथे हा क्रम उलटला, समुद्रात बेटं भरून ती विकायला काढली, तिथे २००९ च्या नोव्हेंबरमध्ये कर्जफेड थांबवावी लागली आणि अबू धाबीच्या तेलाच्या पैशाने वाचवावं लागलं.

निओमच्या बाबतीत क्रम पहिल्या दिवसापासून उलटा आहे. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेला हा ५०० अब्ज डॉलरचा प्रकल्प वायव्य सौदीतल्या तबूक प्रांतात २६,५०० चौरस किलोमीटरवर पसरायचा आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून होतात त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यातलं 'द लाइन' हे बाहेरून आरसे लावलेलं शहर १७० किलोमीटर लांब, २०० मीटर रुंद, ५०० मीटर उंच आणि आत ९० लाख माणसं. मुंबईहून नाशिकपर्यंत एक सरळ भिंत डोळ्यांसमोर आणा. मी मोजमाप करणारा माणूस, त्यामुळे पहिल्यांदा चित्र पाहिलं तेव्हा वहीत गणित केलं. रेषेवर माणसं सारखी पसरली तर कुठल्याही दोघांमधलं सरासरी अंतर लांबीच्या एक तृतीयांश येतं, म्हणजे ५७ किलोमीटरच्या आसपास. शहर वसतं ते माणसं एकमेकांच्या जवळ यावीत म्हणून. इतकी लांब रेषा हा त्यांना दूर ठेवण्याचा आकार आहे. हे गणित बारावीच्या मुलालाही जमतं, तेव्हा तिथल्या नामवंत वास्तुविशारदांना ते सुचलं नसेल असं मी मानत नाही. पण निओमच्या मंडळाचा अध्यक्ष जिथे देशाचा युवराज असतो, तिथे हे गणित सभेत मांडणार कोण?

ज्यांनी नाही म्हटलं, त्यांचं काय झालं हे जगाने पाहिलं. त्या किनाऱ्यावर हुवैतात जमातीची गावं होती, अल-खुरैबा त्यातलंच एक. जागा सोडायला नकार देणारी चित्रफीत टाकणारा एक गावकरी एप्रिल २०२० मध्ये सुरक्षा दलांच्या गोळीने मेला. पुढे त्या जमातीतल्या तिघांना मृत्युदंड सुनावला गेला आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी त्यावर उघड चिंता व्यक्त केली. मला हे मानवी हक्कांच्या वेगळ्या प्रकरणात टाकता येत नाही. अर्थकारणाचाच तो भाग आहे. जिथे जमीनमालक नाही म्हणू शकत नाही, तिथे अभियंता नाही म्हणू शकत नाही, हिशेबतपासनीसही नाही. मग चुकीचा आराखडा अडवायला उरतो फक्त तेलाचा भाव.

आणि त्यानेच तो अडवला. अर्थमंत्री मोहम्मद अल-जदआन यांनी डिसेंबर २०२३ मध्ये काही प्रकल्प २०३० च्या पुढे जातील हे सांगून टाकलं. २०२४ मध्ये बातम्या आल्या की २०३० पर्यंत 'द लाइन'चे फार तर अडीच किलोमीटर होतील आणि १५ लाखांऐवजी तीन लाखांहून कमी लोक राहतील. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निओमचे मुख्य अधिकारी पायउतार झाले. गुंतवणूक निधीच्या २०२४ च्या अहवालात महाप्रकल्पांचं मूल्य १२ टक्क्यांहून अधिक घटलेलं दाखवलं आहे. परदेशी गुंतवणूक वर्षाला १०० अब्ज डॉलर यावी असं उद्दिष्ट होतं, ती त्याच्या जवळपासही आलेली नाही. ही तफावत मला सगळ्यात बोलकी वाटते. स्वतःचा पैसा घालणाऱ्याने चित्र पाहिलं, टाळ्या वाजवल्या आणि खिशात हात घातला नाही.

मोठं स्वप्न दाखवल्याशिवाय देश हलत नाही, असा युक्तिवाद तिकडचे माझे सौदी सहकारी करायचे. त्यातले काही फार चांगले मित्र होते आणि त्यांचं म्हणणं मी गंभीरपणे घेतो. चाळीस वर्षं बंद असलेली दारं उघडायची तर काही तरी झगमगीत हवं, असं ते म्हणत. पण सौदीत गेल्या दहा वर्षांत जे खरोखर बदललं, त्यातलं बहुतेक या झगमगाटाबाहेर घडलं. २०१८ च्या जूनमध्ये बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली. कामकरी वयातल्या सौदी स्त्रियांपैकी २०१७ च्या सुमारास पाचातली एकही नोकरीधंद्यात नव्हती, आता तीनातली एक आहे. २०३० साठी ठेवलेलं ३० टक्क्यांचं उद्दिष्ट त्यांनी कितीतरी आधी ओलांडलं. यासाठी भिंत बांधावी लागली नाही. कायद्याचे काही कागद बदलले. माझ्या शेवटच्या वर्षी, ज्या सुपरमार्केटमध्ये मी नेहमी जायचो, तिथल्या कॅश काउंटरवर एक सौदी मुलगी बसायला लागली. पहिले काही दिवस तिचा भाऊ की वडील बाहेर गाडीत थांबलेले दिसायचे. नंतर ती स्वतःच गाडी चालवत यायला लागली. तिच्या पगारासाठी तेल पिंपाला किती डॉलर आहे हे बघावं लागत नव्हतं, लोक दूध-पाव घेत होते तेवढं पुरे होतं.

करांचंही तसंच. मूल्यवर्धित कर जानेवारी २०१८ मध्ये ५ टक्के आला, जुलै २०२० मध्ये १५ टक्के झाला. परदेशी नोकरदाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे २०१७ पासून महिना १०० रियाल शुल्क लागलं, ते दरवर्षी वाढत २०२० मध्ये ४०० झालं. त्या शुल्कापायी माझी बायको आणि दोन मुलं चिपळूणला परत आली. आमच्या इमारतीतली सहा भारतीय कुटुंबं एका शाळेच्या वर्षात रिकामी झाली. ते मला जड गेलं, तरी मी म्हणेन की ही खरी पावलं होती. देशाला तेलाबाहेरचं उत्पन्न तिथून मिळालं. मला राग याचा येतो की अशा कडू उपायांतून आलेला पैसा पुन्हा वाळवंटातल्या आरशांच्या भिंतीवर खर्ची पडला. आणि सौदी नागरिकांच्या बाबतीत सरकारने माघार घेतली ती वेगळीच. सप्टेंबर २०१६ मध्ये सरकारी नोकरांचे भत्ते कापले, एप्रिल २०१७ मध्ये ते परत दिले. अवघड भाग तो होता.

कोकणातल्या माणसाला हा विषय दूरचा वाटायचं कारण नाही. सौदीत पंचवीस लाखांच्या घरात भारतीय आहेत आणि खेड, दापोली, राजापूरच्या कितीतरी वाड्यांचे उंबरठे तिकडच्या पैशाने बांधलेले आहेत. शिवाय एप्रिल २०१८ मध्ये हीच अरामको रत्नागिरी जिल्ह्यातल्या वर्षाला सहा कोटी टनांच्या रिफायनरीसाठी करार करून गेली. त्यांच्यासाठी तीही भविष्याची तजवीज होती: तेलाला हमखास गिऱ्हाईक बांधून ठेवायचं. नाणारच्या लोकांनी विचारलं, आमच्या आंब्याच्या कलमांचं काय, मासळीचं काय? २०१९ मध्ये नाणार रद्द झालं. २०२३ मध्ये पर्यायी जागेवर, बारसूच्या सड्यावर माती परीक्षण सुरू झालं तेव्हा बायका उन्हात आडव्या झोपल्या, धरपकड झाली. रिफायनरी हवी की नको यावर माझ्याच घरात दोन मतं आहेत. पण प्रश्न चव्हाट्यावर विचारला गेला, आणि विचारणारे घरी परतले. तबूकच्या किनाऱ्यावर एवढं झालं असतं तर भिंतीची लांबी कागदावरच कमी झाली असती आणि अब्जावधी रियाल वाचले असते.

आता रियाधमध्ये २०३० चं एक्स्पो आहे, सौदीत २०३४ चा फुटबॉल विश्वचषक आहे. भरती पुन्हा जोरात आहे. गेल्या महिन्यात माझ्या भाच्याला एका स्टेडियमच्या कामावर क्वांटिटी सर्व्हेयरची ऑफर आली. पगार चांगला आहे. २०२४ मध्ये परदेशी कामगारांच्या थकलेल्या पगारासाठी विमा योजना सुरू झाली, तेही मी त्याला सांगितलं. मग म्हटलं, तुझी कंपनी कुणाची उपठेकेदार आहे ते काढ. त्याने दोन दिवस फोनाफोनी केली आणि कळवलं, "मामा, वरून चौथी."

मी त्याला सांगितलं, जा. पण विमानात बसायच्या आधी सहा महिन्यांचा घरखर्च आईच्या खात्यात ठेव, आणि तिकडे गेल्यावर मेजरमेंट शीटची एक सहीची प्रत दर महिन्याला स्वतःकडे ठेवत जा. माझ्याकडे २०१६ च्या पाच आहेत. त्यातल्या तीन शीटांचे पैसे आले.